जर्मनीत दुपारचं जेवण: गास्टहाउसमध्ये काय मागवावं, काय विचारावं?

मेतकूट

चाकणहून चौघांचा गट कामासाठी तीन आठवडे श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहणार आहे. दुपारचं जेवण रोज बाहेरच. पिझ्झा, डोनर, भारतीय रेस्टॉरंट हे सगळं मिळतं हे माहीत आहे, पण प्रश्न त्याचा नाही. अस्सल जर्मन गास्टहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक खानावळीत, बसून नीट जेवायचं आहे.

अडचण अशी की चार ताटं चार तऱ्हांची. एक जण शाकाहारी, अंडंही नाही. एक अंडं खातो, मांस-मासे नाहीत. एकाला गोमांस सोडून सगळं चालतं. चौथ्याला काहीच वर्ज्य नाही. सुट्टी पाऊण तासाची. किती वाजता जावं, फळा कसा वाचावा, शाकाहारी म्हणून लिहिलेलं खरंच शाकाहारी असतं का, पाण्याचं आणि टिपचं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

नेकारकाठ

आधी वेळ, कारण सगळ्यात जास्त फजिती तिथेच होते. गास्टहाउसचं दुपारचं स्वयंपाकघर साधारण ११:३० ला सुरू होतं आणि २ वाजता बंद. मग थेट संध्याकाळी ५-५:३० ला. दार उघडं दिसलं तरी मधल्या वेळात कॉफी-केकच मिळतो. दारावर 'क्युशं' या शब्दापुढची वेळ बघायची, ती स्वयंपाकघराची. 'गेओफ्नेट' म्हणजे फक्त दुकान उघडं. आठवड्यातून एक दिवस 'रूएटाग' म्हणजे सुट्टी, बहुतेक ठिकाणी सोमवार किंवा मंगळवार.

पाऊण तासात जेवायचं तर ११:४५ ला टेबलावर असा. जर्मनीत दुपारचं जेवण हेच परंपरेने गरम आणि मुख्य जेवण, रात्री पाव-चीज-थंड काप. त्यामुळे बारा ते पाऊण आजूबाजूच्या ऑफिसांची आणि कारखान्यांची झुंबड असते. चौघं असाल तर सकाळी फोन करून टेबल धरा.

दारातल्या फळ्यावर 'मिटागटिश' किंवा 'टागेसगेरिश्ट' लिहिलेलं असेल तेच घ्या. सोमवार ते शुक्रवारच असतं, बहुतेक ठिकाणी १० ते १५ युरोत, कित्येकदा सूप किंवा छोटं सॅलड धरून. ते आधीच शिजलेलं असल्याने १० मिनिटांत समोर येतं. मोठ्या कार्डावरचं, म्हणजे नेहमीच्या यादीतलं काही मागवलंत तर २५ मिनिटं धरून चाला.

एक शब्द चुकवू नका. वेटरला 'मेन्यू' मागितलं तर त्याला वाटतं तुम्हाला दोन-तीन पदार्थांचं ठरलेलं ताट हवंय. यादी हवी असेल तर 'श्पायझंकार्टं' किंवा नुसतं 'कार्टं' म्हणा.

बसायला साध्या गास्टहाउसात कोणी नेत नाही, रिकामी जागा आपणच शोधायची. 'श्टामटिश' अशी पाटी किंवा पितळी फलक असलेलं टेबल गावातल्या रोजच्या मंडळींचं, तिथे बसू नये. मोठ्या टेबलावर चार खुर्च्या रिकाम्या असतील तर 'इस्ट हीअर नोख फ्राय?' विचारून बसता येतं. आत शिरताना कोणी 'मालत्साइट!' म्हणालं तर उलट 'मालत्साइट!' म्हणायचं. दुपारच्या जेवणवेळेचा तो रामराम आहे.

धनेजिरे

पाण्याबद्दल. बसल्या बसल्या पाण्याचा ग्लास येत नाही. नुसतं 'वासर' म्हणालात तर बुडबुड्यांचं विकतचं पाणी येणार. साधं हवं तर 'श्टिलेस वासर'. चौघांत ०.७५ लिटरची एक बाटली आणि चार ग्लास मागवणं प्रत्येकी ०.२५ लिटरपेक्षा स्वस्त. नळाचं पाणी म्हणजे 'लाइटुंग्सवासर'. मागितलं तर काही जण देतात, काही त्याचेही पैसे लावतात. फुकट द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही.

जर्मन गास्टश्टेट्टन कायद्याच्या कलम ६ नुसार दारू देणाऱ्या जागेत निदान एक बिनदारूचं पेय सर्वात स्वस्त दारूच्या पेयापेक्षा महाग असता कामा नये, आणि ही तुलना लिटरच्या हिशोबाने करायची. लोक याला सफरचंद-रसाचं कलम म्हणतात. म्हणून कार्डावर 'आपफलशोर्लं' बघा. सफरचंदाचा रस आणि सोडा, साधारण निम्मं निम्मं. तेलकट जेवणाबरोबर उत्तम जातं.

अनारसा

प्रामाणिक मत देते. अंडं न खाणाऱ्याने जर्मन गास्टहाउसच्या वाटेला जाऊ नये. श्पेट्सलेत (मैद्याच्या शेवेसारख्या पास्त्यात) अंडं, क्न्योडलमध्ये (उकडलेल्या गोळ्यांत) अंडं, पॅनकेकमध्ये अंडं, ब्रेडक्रम्ब लावलेल्या प्रत्येक गोष्टीत अंडं. एवढी विचारपूस करून शेवटी उकडलेले बटाटे खायचे तर पिझ्झा काय वाईट?

इसारकाठ

अनारसा, अंड्याबद्दलचं तुमचं बरोबर, निष्कर्ष पटत नाही. जर्मन उकडलेला बटाटा हा कमी लेखायचा पदार्थच नाही. 'पेलकार्टोफल्न मिट क्रॉयटरक्वार्क' घ्या. सालासकट उकडलेले, चिकट न होणारे, पिवळे बटाटे, आणि आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारा क्वार्क, त्यात चाइव्ह्ज, पार्सली, मीठ, मिरी. अंडं नाही, मांस नाही, ताट भरून येतं. पूर्वेला लाउझिट्स भागात त्यावर जवसाचं कच्चं तेल ओततात, तेही करून बघण्यासारखं. मोठा भाजलेला बटाटा आणि आंबट साय म्हणजे 'ओफनकार्टोफल मिट झावररान', तोही चालेल. वसंतात श्पार्गल, म्हणजे पांढरा शतावर, वितळलेल्या लोण्याबरोबर मागवा. सोबत येणाऱ्या हॉलंडेज सॉसमध्ये अंड्याचा बलक असतो, ते नको म्हणायचं. हा हंगाम एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंतच.

आता खरी मेख. जर्मन माणूस 'शाकाहारी' म्हणतो तेव्हा अंडं त्यात धरलेलंच असतं. आणि 'फ्लाइश नको' म्हटलं तर काही ठिकाणी स्वयंपाक्याच्या डोळ्यांपुढे मांसाचा मोठा तुकडा येतो, त्याला श्पेकचे बारीक तुकडे 'मांस' वाटत नाहीत. म्हणून नुसतं 'मांस नको' न म्हणता चार गोष्टी नावाने विचाराव्यात:

'श्पेक': डुकराची खारवलेली, बहुधा धुरी दिलेली चरबी. भाजलेले बटाटे, फरसबी, कोबी, डाळ, कुठेही असते.
'श्माल्ट्स': डुकराची किंवा बदकाची वितळवलेली चरबी. लाल कोबी आणि झावरक्राउट (आंबवलेला कोबी) यातच परततात.
'ब्र्युए': हाडा-मांसाचा रस्सा. सूप, सॉस आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये.
'गेलाटीनं': थंड गोड पदार्थांत.

'इस्ट डा श्पेक ड्रिन?' एवढं पुरतं, श्पेकच्या जागी बाकीचे शब्द घाला. अंडं न खाणाऱ्याने पहिलं वाक्य हे म्हणावं: 'इश एस्सं वेगेटारिश, आउख काइन आय. मिल्श उंट केझं झिंट इन ऑर्डनुंग.' म्हणजे मी शाकाहारी, अंडंही नको, दूध आणि चीज चालतं. कार्डावर 'वेगान' लिहिलेलं काही असेल तर अंड्याची चिंताच मिटली, वर लोणी मागून घ्या.

कुळीथ

इसारकाठ, उपयुक्त. भर घालतो. काहीच जमलं नाही तर 'ब्राटकार्टोफल्न' (परतलेले बटाटे) आणि 'कार्टोफलझालाट' (बटाट्याचं सॅलड) हे दोन बटाट्याचे पदार्थ सगळीकडे असतात, तेवढे निर्धास्त मागवावेत.

नेकारकाठ

कुळीथ, नेमके हेच दोन निर्धास्त मागवू नका. ब्राटकार्टोफल्न श्पेक-कांद्यावर परतणं हीच जुनी रीत आहे. कार्टोफलझालाट उत्तरेत मेयोनेझचं, म्हणजे अंडं. दक्षिणेत मेयोनेझ नाही, पण गरम बटाट्याच्या चकत्यांवर गरम रस्सा, व्हिनेगर, तेल, मोहरी ओततात, आणि तो रस्सा बहुधा गोमांसाचा. श्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टकडचं सॅलड ओलसर, चमचमीत लागतं ते त्या रश्श्यामुळेच. 'गेम्युझंब्र्युए' म्हणजे भाज्यांचा रस्सा वापरलाय का, हे विचारून मगच घ्या. 'झाल्त्सकार्टोफल्न' म्हणजे मिठाच्या पाण्यात उकडलेले, तेच निर्धोक.

कुळीथ

चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे. मग फ्रेंच फ्राइज?

नेकारकाठ

'पोमेस' बहुतेक ठिकाणी वनस्पती तेलात, पण त्याच कढईत श्निट्झल (ब्रेडक्रम्ब लावलेला मांसाचा काप) तळलेलं असू शकतं. कडक पाळणाऱ्याने विचारावं.

वऱ्हाडी_ठेचा

गोमांस न खाणाऱ्यासाठी शब्द पाठ करायचा तो 'रिंट'. 'काल्प' म्हणजे वासरू. डुक्कर 'श्वाइन', कोंबडी 'हेन्शन' किंवा 'हून', टर्की 'पूटं'. हे नावात असले तर सोपं. अवघड आहेत ते नावात काहीच न सांगणारे: रूलाडं, झावरब्राटन, टाफलश्पिट्स, त्स्विबलरोस्टब्राटन हे गोमांसाचेच समजा. फ्रिकाडेलं, बुलेटं, फ्लाइशफ्लान्त्सर्ल ही तीन प्रांतांतली एकाच खिमा-वड्याची नावं, आणि खिमा बहुतेक 'गेमिश्ट' म्हणजे डुक्कर-गाय एकत्र. क्योनिग्सबेर्गर क्लोप्स, ते पांढऱ्या केपर सॉसमधले गोळे, वासराचे किंवा मिश्र. सॉसेज म्हटलं की डुक्कर असं धरू नका, बऱ्याच सॉसेजांत दोन्ही असतं.

'लेबरकेझं' या नावात यकृत आणि चीज दोन्ही शब्द आहेत. चीज नसतं, बव्हेरियातल्यात यकृतही नसतं. असतो तो गाय-डुकराच्या मांसाचा भाजलेला लगदा. 'केझं' हा शब्द वाचून शाकाहाऱ्याने तो मागवू नये म्हणून मुद्दाम लिहिलं.

श्निट्झलचं सोपं आहे, नियमच आहे. 'वीनर श्निट्झल' वासराचंच असावं लागतं. डुकराचं असेल तर 'वीनर आर्ट' किंवा 'फॉम श्वाइन' लिहावं लागतं. येगरश्निट्झल पश्चिमेत मशरूम सॉसचं, पूर्व जर्मनीत त्याच नावाने सॉसेजची तळलेली जाड चकती, टोमॅटो सॉस आणि पास्ता येतो. आणि डुकराच्या भाजलेल्या मांसावरचा तपकिरी सॉससुद्धा गाईच्या हाडांचा असू शकतो. विचारा.

राइनकर

श्टुटगार्टबाहेर पडलात तर दोन नावं वहीत लिहून ठेवा.

कोलोनच्या ब्राउहाउसांत, म्हणजे बिअरच्या जुन्या खानावळींत, 'हाल्व्हर हान' मिळतो. शब्दशः अर्धा कोंबडा, पण त्यात कोंबडा नाहीच. राय पिठाचा छोटा पाव, जाड कापलेलं मुरलेलं गौडा चीज, मोहरी, कांदा, काकडीचं लोणचं. शाकाहारी, अंड्याशिवाय. तिथेच 'कोल्शर काव्हियार' लिहिलेलं दिसलं तर ते माशाचं नव्हे, रक्ताच्या सॉसेजचं. बिअर ०.२ लिटरच्या उभ्या ग्लासात येते, आणि ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता नवा ठेवून गोल पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो. थांबवायचं असेल तर तो पुठ्ठा ग्लासावर झाकायचा. 'रायबंकूखन मिट आपफलमूस' हा किसलेल्या बटाट्याचा तळलेला पोळा, सोबत सफरचंदाची चटणीसारखी गोड पेस्ट. यात बहुधा अंडं असतं.

फ्रांकफुर्टला 'ग्र्युनं झोसं'. कच्च्या सात पाल्यांचं थंड हिरवं सॉस, आंबट सायीत आणि दह्यात घोटलेलं, बरोबर उकडलेले बटाटे आणि उकडलेली अंडी. सात पाले ठरलेले: पार्सली, चाइव्ह्ज, चर्व्हिल, क्रेस, पिम्पिनेल, आंबटचुक्याचा सख्खा भाऊ झावरआम्पफर, आणि बोरेज. यातली क्रेस म्हणजे आपल्या अळिवाचाच कोवळा पाला! २०१६ पासून युरोपीय संघात या नावाला भौगोलिक संरक्षण आहे. 'ओनं आय' म्हणजे अंड्याशिवाय म्हणून मागा, मात्र सॉसच्या आत अंडं घोटलेलं नाही ना, हे वेगळं विचारा. काही घरांची तशी पद्धत आहे.

कुळीथ

अळिवाचा पाला कच्चा खातात हे नवीन कळलं. आपल्याकडे बाळंतिणीच्या लाडवापलीकडे अळीव जातच नाही.

अनारसा

बटाटे-क्वार्कचा मुद्दा मान्य, इसारकाठ. त्या वाक्यात 'उंट केझं' आहे, मग चीजमधल्या रेनेटचं, म्हणजे दूध जमवायच्या विरजणासारख्या पदार्थाचं काय?

इसारकाठ

विचारायलाच हवा असा प्रश्न. रेनेटला जर्मनमध्ये 'लाब'. आल्प्सच्या कुशीतली जुन्या पद्धतीची चीजं, म्हणजे बेर्गकेझं, आल्गॉयर एमेंटालर, वासराच्या जठरातल्या लाबने जमवतात. जर्मनीत ती शाकाहारीत धरली जातात. रेस्टॉरंटमधल्या वेटरला हे सहसा माहीत नसतं, बाजारातल्या पाकिटावर 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलेलं सापडतं. ज्याला हे चालत नाही त्याने केझंश्पेट्सले (चीज घातलेले श्पेट्सले) सोडून द्यावेत, क्वार्क-बटाट्यावर राहावं. क्वार्कलाही थोडा लाब लावतात, तेव्हा अगदी कडक असेल त्याने लोण्यावर भागवावं.

धनेजिरे

ॲलर्जीची अक्षरं कोणी सांगितलीच नाहीत. १३ डिसेंबर २०१४ पासून युरोपभर १४ ॲलर्जीकारक घटक कळवणं बंधनकारक आहे, त्यात अंडं आणि दूध आहे. कार्डावर पदार्थापुढे बारीक अक्षरं असतात, खुलासा शेवटच्या पानावर. अंड्याचं अक्षर एकदा शोधलं की अख्खं कार्ड दोन मिनिटांत गाळून निघतं. पण एका हॉटेलातलं 'क' दुसऱ्या हॉटेलात दुसरंच असतं, म्हणून दर वेळी खुलासा बघायचा. फळ्यावर अक्षरं नसतील तर 'आलेर्गेनकार्टं' मागा. मांस, श्पेक, श्माल्ट्स मात्र या चौदात येत नाहीत, ते तोंडीच विचारायचं.

पाटावरवंटा

थोडं अवांतर. हे श्पेट्सले घरी करता येतात का? फोटोत शेवेसारखे दिसतात.

नेकारकाठ

येतात, आणि आपला सोऱ्या चालतो! तिथे 'श्पेट्सलेप्रेसं' मिळतो तो जाड भोकांचा, लांब दांड्यांचा सोऱ्याच. जुनी पद्धत लाकडी फळीवर पीठ पसरून सुरीने थेट उकळत्या पाण्यात खरवडायची.

४०० ग्रॅम मैदा, ४ अंडी, १ चमचा मीठ, पाणी १५० मिलीपासून सुरू करून लागेल तसं. लाकडी डावाने हवेचे बुडबुडे येईपर्यंत, ५-७ मिनिटं फेटायचं, मग अर्धा तास झाकून ठेवायचं. पीठ डावावरून ओघळताना लांब तार यावी, मध्ये तुटू नये. धो धो उकळी नको, मंद उकळणाऱ्या खारट पाण्यात पाडायचे. वर तरंगले की अर्ध्या मिनिटात झाऱ्याने काढायचे. पाण्यात विरघळून लापशी झाली तर पीठ पातळ आहे, मैदा वाढवा. रबरासारखे झाले तर पीठ घट्ट आहे किंवा विश्रांती कमी पडली.

सोऱ्याला जाड शेवेची चकती. पीठ पातळ असलं तर दाबायच्या आधीच भोकांतून गळायला लागतं, म्हणून सोऱ्यासाठी फळीपेक्षा जरा घट्ट ठेवायचं.

अंड्याशिवाय: ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, साधारण ३०० मिली सोडा-पाणी, मीठ, रंगाला चिमूट हळद. रव्यासाठी विश्रांती पूर्ण अर्धा तास हवीच, नाहीतर मधे कचकच राहते. केझंश्पेट्सलेसाठी गरम थर, किसलेलं चीज, गरम थर असं रचून वर सोनेरी तळलेला कांदा. कांदा मंद आचेवर २० मिनिटं.

पाटावरवंटा

जमेल असं दिसतंय. रविवारी सोऱ्या बाहेर काढते.

हिरवीमिरची

टिपबद्दल कोणीच लिहिलं नाही. टेबलावर नाणी ठेवून निघायची पद्धत तिथे नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही, 'त्साहलन, बिटं' म्हणावं लागतं. तुम्हाला हाकलायचं नाही, असा त्याचा अर्थ. पाऊण तासाची घाई असेल तर ताट येतानाच बिल मागून ठेवा. वेटर विचारतो 'त्सुझामन ओडर गेट्रेंट?', एकत्र की वेगळं. वेगळं म्हटलं तर प्रत्येकाने आपला पदार्थ आणि पेय सांगायचं, तो तिथेच हिशोब करतो. पावाची टोपली किंवा टेबलावरच्या ब्रेत्सन (खारट वेटोळे पाव) कित्येकदा नगावर लागतात, किती खाल्ल्या ते लक्षात ठेवा.

टिप ५ ते १० टक्के, आकडा वर गोल करून. १३.६० झाले तर वीसची नोट देताना 'फ्युन्फत्सेन' म्हणजे १५ म्हणायचं, तो ५ परत देतो. नेमके पैसे दिले तर 'श्टिम्ट झो'. नोट देताना नुसतं 'डांकं' म्हणू नका, उरलेलं सगळं ठेवा असा अर्थ काढला जातो.

आकडे मराठी माणसाला सोपे जातात. २७ म्हणजे 'झीबन-उंट-त्स्वान्त्सिश', सात आणि वीस. आपलं सत्तावीस तसंच, एकक आधी. इंग्रजी मनात धरून ऐकलं तरच ७२ ऐकू येतं.

आणि रोख ठेवा. 'नूर बारत्साहलुंग' म्हणजे फक्त रोख. 'ईत्से-कार्टं' लिहिलेलं असलं तर ते जर्मन बँकेचं कार्ड, भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथे चालेलच असं नाही.

अनारसा

सत्तावीसचं भारी आहे. आता विसरणार नाही.

कुळीथ

चाकणची मंडळी म्हणून आठवलं. वोल्फ्सबुर्गला फोक्सवागनच्या कारखान्यात १९७३ पासून स्वतःचं सॉसेज बनतं, आणि त्याला गाडीच्या सुट्या भागासारखा क्रमांक आहे: १९९ ३९८ ५०० ए. २०२१ मध्ये तिथल्या एका कँटीनमधून मांस काढलं तेव्हा माजी चान्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनीही जाहीर नाराजी दाखवली होती. दुपारचं जेवण तिथे किती मनाला लागणारा विषय आहे बघा.

इसारकाठ

शनिवार-रविवारी म्युनिकला गेलात तर एक गोष्ट शाकाहाऱ्यांसाठी सोन्यासारखी. बव्हेरियातल्या पारंपरिक बीअरगार्टनमध्ये स्वतःचं खाणं घेऊन जाता येतं. १८१२ पासूनची ही वहिवाट, आणि १९९९ च्या बव्हेरियन बीअरगार्टन नियमावलीतही तिचा उल्लेख आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं घेऊन चेस्टनटच्या सावलीत बसा. पेय मात्र तिथलंच घ्यायचं. टेबलक्लॉथ घातलेली टेबलं वेटरची, तिथे डबा उघडायचा नाही. उघडी लाकडी टेबलं आपली.

मेतकूट

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. आमच्या जागेजवळच्या गास्टहाउसचा आठवड्याचा फळा मिळाला. उच्चार चुकले असतील तर सांगा. यातून चौघांनी काय घ्यावं?

सोमवार: रूएटाग
मंगळवार: लिन्झन मिट श्पेट्सले उंट झाइटनव्युर्स्टले
बुधवार: माउलटाशन गेश्मेल्त्स्ट, कार्टोफलझालाट
गुरुवार: गाइसबुर्गर मार्श
शुक्रवार: झेलाख्स पानिअर्ट, रेमुलाडं, कार्टोफलझालाट
रोज: केझंश्पेट्सले, श्निट्झल वीनर आर्ट, त्स्विबलरोस्टब्राटन, मोठी सॅलड प्लेट
टागेसझुपं: फ्लेडलेझुपं
वार्मं क्युशं ११:३० ते १३:४५

नेकारकाठ

फळा अगदी अस्सल श्वाबियन आहे, छान जागा मिळाली.

मंगळवार सोडू नका. घट्ट मसुराची आमटी, श्पेट्सले आणि वर दोन पातळ सॉसेज. मसूर आपल्या अख्ख्या मसुरापेक्षा मोठा, चपटा. कांदा, तमालपत्र, तपकिरी भाजलेलं पीठ, आणि चव व्हिनेगरची. व्हिनेगर मसूर मऊ झाल्यावरच घालतात, आधी घातलं तर डाळ शिजता शिजत नाही. टेबलावर बाटली असते, आंबट वाढवून घ्या. श्वाबियन आल्ब डोंगराळ भागातला मसूर पिकवायचाच थांबला होता. त्याचं हरवलेलं जुनं वाण २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह बियाणे-संग्रहात सापडलं आणि पुन्हा शेतात आलं. फळ्यावर 'आल्ब-लाइझा' लिहिलं असेल तर तोच हा मसूर.

सॉसेज बाजूला काढता येतात, पण भांड्यातच श्पेक शिजवलेला असेल तर निवडून उपयोग नाही. सोमवारी ते बंद, म्हणून मंगळवारी सकाळी अकराच्या आत फोन करा, श्पेकशिवाय थोडं वेगळं काढता येईल का विचारा. साडेबाराला विचारून काही होत नाही. अंडं न खाणाऱ्याला श्पेट्सलेऐवजी झाल्त्सकार्टोफल्न: 'श्टाट श्पेट्सले' म्हणा, सोबतचा पदार्थ बदलणं तिथे नेहमीचं आहे. झाइटनव्युर्स्टलेत डुक्कर आणि गाय दोन्ही असू शकतं, गोमांस न खाणाऱ्याने आधी विचारावं.

बुधवारी माउलटाशन म्हणजे सारण भरलेले चौकोनी पास्त्याचे खिसे, करंजीच्या मायेचे. सारणात पालक, पाव, कांदा आणि बहुधा मिश्र मांस. 'गेश्मेल्त्स्ट' म्हणजे वर लोण्यात परतलेला कांदा. चौथा गडी खूश होईल. अंडं खाणाऱ्याने 'गेम्युझंमाउलटाशन' आहेत का विचारावं.

वऱ्हाडी_ठेचा

गुरुवारचा गाइसबुर्गर मार्श म्हणजे गोमांस, बटाटे, श्पेट्सले यांचा रस्सा. गोमांस न खाणाऱ्याने त्या दिवशी श्निट्झल वीनर आर्ट घ्यावं, ते डुकराचं. शुक्रवारचा 'झेलाख्स' नावात लाख्स म्हणजे सॅमन असला तरी सॅमन नाही, कॉडच्या कुळातला पांढरा मासा आहे. काटे काढलेला असतो. सोबतच्या सॅलडमध्ये गोमांसाचा रस्सा असेल, तो बदलून घ्या. फ्लेडलेझुपं, म्हणजे घावनाच्या पट्ट्यांचं सूप, हेही गोमांसाच्या रश्श्यात. चौघांपैकी तिघांनी ते सॅलडशी बदलून मागावं.

इसारकाठ

अंडं खाणाऱ्याला रोजचे केझंश्पेट्सले. कांद्यात श्पेक नाही ना, एवढंच विचारायचं. अर्धी प्लेट मागा, 'क्लाइनं पोर्त्सिओन', कारण पूर्ण प्लेटनंतर दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे मिटतात.

अंडं न खाणाऱ्याला सॅलड प्लेट 'ओनं आय', ड्रेसिंग तेल-व्हिनेगरचं. त्यातल्या छोट्या ढिगांत कार्टोफलझालाट असतं, ते वगळायला सांगा. बरोबर झाल्त्सकार्टोफल्न आणि क्रॉयटरक्वार्क कार्डावर नसले तरी विचारा, हे दोन्ही बहुतेक स्वयंपाकघरांत असतं. पहिल्याच दिवशी वेटरला नीट सांगितलं तर तीन आठवडे पुन्हा सांगावं लागत नाही.

मेतकूट

उत्तम. शेवटची शंका. १३:४५ ला पोचलो तर चालेल का?

नेकारकाठ

नाही. १३:४५ ही शेवटची ऑर्डर घ्यायची वेळ, आणि मिटागटिश त्याआधीच संपतं. मंगळवारी मसूर १ वाजताच संपू शकतो. ११:४५ चं टेबल, चार माणसं, असं सांगून ठेवा.